‘एकाच क्लबचा माणूस’ : निष्ठेचा इतिहास कसा लिहायचा?

खेळाडूंवरच्या गौरवलेखांत एक वाक्य हमखास येतं : ‘ते आयुष्यभर एकाच क्लबशी निष्ठावान राहिले.’ वाचायला बरं वाटतं, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा अडखळायला हवं. किती वर्षं कोणत्या क्लबकडून खेळले, हे तपासता येतं. निष्ठा होती म्हणून खेळले, हा मात्र निष्कर्ष आहे, आणि तो बहुतेक वेळा पुराव्याशिवायच तथ्याच्या रांगेत येऊन बसलेला असतो.

उदाहरण गोव्याचं घेऊ. ब्रह्मानंद शंखवाळकर, गोलकीपर, जन्म 1954, पणजीला लागून असलेलं ताळगाव. गोव्यातल्याच एका लहान क्लबातून ते 1974 च्या सुमारास वास्कोच्या साळगावकर क्लबात आले आणि जवळपास 17 वर्षं तिथेच राहिले. 1983 ते 1986 या काळात ते भारताचे कर्णधार होते. गोव्याने 1982-83 मध्ये संतोष करंडक बंगालसोबत वाटून घेतला आणि पुढच्या वर्षी एकट्याने जिंकला, त्या यशाचे ते आधारस्तंभ. 1988 मध्ये साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. स्पर्धा 1977 पासून चालू होती, पण गोव्याच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. 1989 मध्ये पुन्हा तेच. शेवटची काही वर्षं ते दुसरीकडे खेळले, पण गोव्यातच. अर्जुन पुरस्कार 1997 मध्ये, म्हणजे भारताचं कर्णधारपद संपल्यावर तब्बल अकरा वर्षांनी, आणि पद्मश्री 2022 मध्ये. देशाचा कर्णधार असूनही कोलकात्याच्या तीन मोठ्या क्लबांपैकी एकाचीही जर्सी त्यांनी घातली नाही. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

साधी का नव्हती, ते सांगतो. राष्ट्रीय लीग 1996 मध्ये सुरू झाली. त्याआधी देशभर नाव व्हायचं तर रस्ता कोलकात्याला जायचा. तिथे दर हंगामाआधी बदल्यांचा मोसम असायचा. खेळाडू फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात जाऊन सही करायचा, आणि दुसऱ्या क्लबने पळवू नये म्हणून कार्यकर्ते त्याला लपवून ठेवायचे, असे किस्से बंगालमध्ये ढिगाने आहेत. अशा बाजारात कुणी एका जागी टिकला की तो आपोआप निष्ठेचा पुतळा होतो.

आता पहिला प्रश्न. त्याच्या पगाराचं काय? साळगावकर क्लब 1956 मध्ये, पोर्तुगीज राजवट असतानाच सुरू झाला. मागे होतं लोहखनिजाच्या खाणी असलेलं वासुदेव साळगावकर यांचं घराणं. पुढे धेंपोही तसाच खाणवाल्यांचा क्लब झाला. गोव्याचं खनिज जहाजांतून जपानला जात होतं, आणि त्या पैशाचा एक छोटा ओघळ फुटबॉलच्या मैदानावर येत होता. व्यावसायिक फुटबॉल नसलेल्या देशात खेळाडूला सर्वांत जास्त हवी असते ती तिशीनंतरची खात्री. ती देणारं कुणी आपल्याच प्रदेशात असेल, तर न जाणं हा भावनेइतकाच व्यवहाराचाही निर्णय ठरतो. म्हणून कोणत्याही कंपनी-क्लबच्या खेळाडूवर काम करताना गौरवलेखाच्या आधी सेवापुस्तक, पगारपत्रक आणि कंपनीची गृहपत्रिका शोधा.

यावर कुणी म्हणेल, मग निष्ठा म्हणजे फक्त नोकरी? नाही. दोन बंगाली कारकिर्दी शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होतं. शैलेन मन्ना 1942 पासून जवळपास 19 वर्षं मोहन बागानकडून खेळले, 1951 च्या आशियाई सुवर्णपदकाच्या वेळी भारताचे कर्णधार होते, आणि नोकरी करत होते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात. पोट एका जागी, क्लब दुसऱ्या जागी. दुसरे पी. के. बॅनर्जी. ते ईस्टर्न रेल्वेत होते आणि तिच्याकडूनच खेळत राहिले. 1958 मध्ये या रेल्वेच्या संघाने कलकत्ता लीग जिंकून मोठ्या क्लबांना धक्का दिला. इथे नोकरी हाच क्लब. दोघांनाही आपण ‘निष्ठावान’ म्हणतो, पण मन्नांना क्लब सोडून पगार टिकवता आला असता, बॅनर्जींना तसं सोपं नव्हतं. शंखवाळकरांचा क्लब यांतल्या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातो, फक्त रेल्वेच्या जागी खाणकंपनी. मला विचाराल तर ‘निष्ठा’ हा शब्द प्रबंधात वापरायचाच असेल, तर या तीन परिस्थितींत त्याचा अर्थ कसा बदलतो ते आधी लिहा, मग वापरा.

आणखी एक धागा आहे, तो सहसा सुटतो. संतोष करंडकात खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळतो, त्या राज्याकडून उतरतो. म्हणजे गोव्याचा खेळाडू कोलकात्याला गेला की तो बंगालकडे जाणार. म्हणून 1982 ते 1984 चं गोव्याचं यश हे न गेलेल्या माणसांचंही यश आहे. गोवा तेव्हा राज्यही नव्हतं. दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता, राज्याचा दर्जा 30 मे 1987 ला मिळाला. एवढ्याशा प्रदेशाने बंगालला बरोबरीत रोखणं याचा अर्थ तिथल्या लोकांसाठी क्रीडापानापुरता नव्हता. हे कुठल्या सेवापुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं.

वर्तमानपत्रंही बघावी लागतात, पण जपून. ‘गोमन्तक’ 1962 मध्ये चौगुले समूहाने काढला. ‘नवहिंद टाइम्स’ (1963) आणि ‘नवप्रभा’ (1970) धेंपे घराण्याचे. चौगुले काय, धेंपे काय, दोन्ही खाणवाले, आणि धेंपे तर साळगावकरच्या मैदानातल्या प्रतिस्पर्धी क्लबचे मालक! म्हणजे साळगावकरच्या गोलकीपरची बातमी तुम्ही धेंपोच्या मालकांच्या कागदावर वाचत असता. बातमी खोटी असते असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या अंकात कुणाला किती कॉलम मिळाले, कुणाचा फोटो आला, हे मोजण्यासारखं आहे. एमएच्या लघुप्रबंधाला एवढा विषय पुरेसा आहे, घ्या कुणीतरी.

आता भिवंडी. गोव्याचा हा सगळा हिशेब इथे लावून बघितला की काय दिसतं? मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, रेल्वे, बँका अशा कार्यालयीन संघांनी हारवूड लीग आणि कूपरेज जागतं ठेवलं. मोठी गिरणी म्हणजे एक मालक, एक मस्टर, एक कल्याण विभाग. त्यात अकरा खेळाडू सामावून घेणं जमत होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि कापड विणण्याचं पुष्कळ काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. काम आलं, पण गिरणी आली नाही. इथे मालक शेकडो, प्रत्येकाचे माग थोडे. कामगार उत्तर प्रदेश-बिहार-तेलंगणातून आलेला, बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मापावर. कुणाच्या मस्टरवर सेंटर-फॉरवर्ड बसवणार? कापडाच्या धंद्यात एवढी उलाढाल असलेल्या शहरात खेळाडूला सांभाळणारी कंपनी का नाही, याचं उत्तर मैदानाच्या कमतरतेआधी धंद्याच्या रचनेत शोधायला हवं. मोहल्ल्याच्या संघाकडून वीस वर्षं खेळणारा माणूस अशा शहरातही असतोच. त्याची निष्ठा मन्नांच्या जातीची, पोट वेगळीकडे आणि क्लब वेगळीकडे. फक्त त्याची गृहपत्रिका नसते, पुरस्काराची फाइल नसते. उरतात स्पर्धांची हँडबिलं, घरातल्या ट्रॉफ्या, एखादा ग्रुप फोटो. हे गोळा करणं ग्रंथालयातून होत नाही, आणि ते जपणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे.

महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये खाणकाम थांबवलं. साळगावकर 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, जाहीर कारण फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध हे होतं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की ‘खाण बंद, म्हणून क्लब बंद’ असं लिहायचा मोह होतो. चार वर्षांचं अंतर आहे, आणि त्याच वर्षी गोव्याचे इतर क्लबही बाहेर पडले होते. ताळेबंद न बघता ते ‘म्हणून’ लिहू नका.