देवळाचा ओटा आणि ऐकणारा कान

देवालय हे गावाचे केवळ पूजास्थान नव्हे. महाराष्ट्रातील जुन्या गावांत देवळाचा ओटा, सभामंडप व समोरचा पिंपळाचा पार ही गावाची बैठक असे. सकाळी पोथी, रात्री भजन, आणि मधल्या वेळात ज्याला घरी करमत नाही त्याने येऊन टेकावे, असा रिवाज. "का आलास?" असे तेथे कोणी विचारीत नसे. हा ओटा सर्व जातींना मोकळा नव्हता आणि स्त्रियांना तर तेथे बसण्याची सोयच नव्हती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्यांना तो मोकळा होता, त्यांचे अर्धे दुःख तेथेच हलके होई.

अशा बसण्याच्या जागेने माणसाचे प्राण वाचू शकतात, याची जाणीव सत्तर वर्षांपूर्वी लंडन शहरातील एका पडझड झालेल्या चर्चमध्ये नव्याने झाली. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

त्या चर्चचे नाव सेंट स्टीफन वॉलब्रुक. ख्रिस्तोफर रेन या विख्यात वास्तुविशारदाने इ. स. १६७२ पासून ते बांधविले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बॉम्बहल्ल्यात त्याची मोठी हानी झाली. १९५३ साली दुरुस्तीचे काम चालू असतानाच चॅड व्हारा नावाचे धर्मगुरू तेथे नेमले गेले. पगार बेताचा, म्हणून मुलांच्या चित्रमय साप्ताहिकांसाठी लेखन करून ते प्रपंच चालवीत.

व्हारा यांच्या मनात एक शल्य अठरा वर्षे सलत होते. १९३५ साली, ते नवखे असताना, त्यांच्या वाट्याला जो पहिला अंत्यविधी आला तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिला पहिल्यांदा विटाळ आला. तो काय असतो हे तिला कोणीच सांगितले नव्हते. आपल्याला काही घाणेरडा रोग जडला अशा समजुतीने तिने जिवाचे बरेवाईट करून घेतले. विचारण्यासारखे एक माणूस जवळ असते तर ती मुलगी वाचली असती, ही खंत त्यांना सोडीना.

पुढे लंडन परिसरात दररोज सरासरी तीन जण आत्महत्या करतात असे त्यांच्या वाचनात आले. आग लागली तर बंब बोलावता येतो, मग जिवावर उदार झालेल्या माणसाने कोणाला बोलवावे? या विचाराने २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी चर्चमधील टेलिफोन अशा लोकांसाठी खुला केला. प्रत्यक्ष येऊन भेटण्याचीही मुभा ठेविली. अर्ज नाही, दाखला नाही, वेळ ठरविणे नाही. वर्तमानपत्रांतून बातमी येताच माणसांची रीघ लागली.

खरा बोध येथून पुढे आहे. बातमी वाचून मदत करू इच्छिणारेही पुष्कळ आले. त्यांच्यात ना कोणी डॉक्टर, ना कोणी शास्त्री. त्यांना काम काय द्यावे हे व्हारांना कळेना. शेवटी बाहेरच्या खोलीत ताटकळणाऱ्या मंडळींना चहा द्यावा व त्यांच्याजवळ बसावे, एवढे काम त्यांना सोपविले. काही आठवड्यांत एक नवल दिसून आले. चहा घेता घेता माणसे त्या साध्या मदतनिसांपाशीच मन मोकळे करीत आणि पुष्कळदा आतल्या खोलीत न जाताच, "आता बरे वाटते," म्हणून घरी परतत. जाणत्याच्या उपदेशापेक्षा शेजारी बसलेल्याचा कान अधिक उपयोगी पडत होता. व्हारा यांनी हे मोकळेपणाने मान्य केले आणि २ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्व काम त्या स्वयंसेवकांच्या हाती दिले. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच. बायबलमधील एका कथेत जखमी वाटसरूची सेवा करणारा जो परका मनुष्य आहे, त्यावरून हे नाव पडले.

संस्थेचे नियम थोडे पण कडक होते. ऐकलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये. आलेल्याला दोष देऊ नये. आणि चर्चमध्ये जन्मलेली संस्था असूनही धर्माचा उपदेश करू नये. पुढे शाखा दोनशेवर गेल्या. इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, तो १९६१ च्या कायद्याने रद्द झाला. आपल्या देशात याच धर्तीवर १९८६ साली मद्रास येथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापिली.

हीच गोष्ट आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात एका बाकाने सिद्ध केली. तेथे मानसोपचार डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्यास पैसे नसल्याने तपासणीस येऊ शकली नाही व तिने प्राण दिला. तेव्हा २००६ साली हरारे शहराच्या एम्बारे वस्तीत चौदा आज्यांना त्यांनी ऐकण्याचे शिक्षण दिले. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर लाकडी बाक टाकला. 'मानसिक आरोग्याचा बाक' असे नाव दिले तेव्हा कोणी फिरकेना. आज्यांनी सुचविल्यावरून 'मैत्रीचा बाक' म्हणताच लोक येऊ लागले! २०१६ साली ५७३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणे होती, तर बाकावर बसून गेलेल्यांत ती शंभरात चौदांनाच होती.

आपल्याकडेही काळ पालटला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने ३०९ कलमच उरले नाही. १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा २०२२ साली सुरू झाली. ज्याला औषधाची गरज आहे त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे, त्याला ओटा पुरणार नाही. परंतु डॉक्टरपर्यंत पोचण्यापूर्वी माणसाने कोणाजवळ तरी तोंड उघडावे लागते. ते कोठे उघडावे?

आज घरोघरी दूरचित्रवाणी आली, मुले पुण्या-मुंबईस गेली, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे उंबऱ्यात बसून दिवस काढतात. कर्जाने गांजलेला शेतकरी, माहेर तुटलेली सून, नापास झालेला मुलगा, यांना जाण्यासारखे ठिकाण नाही. त्याच वेळी अनेक गावी जीर्णोद्धार होताच ओट्याला लोखंडी जाळी बसते, गुळगुळीत फरशीवर 'येथे बसू नये' अशी पाटी लागते व पुजारी कुलूप लावून घरी जातो. मूर्तीचे व दागिन्यांचे रक्षण व्हावे हे योग्यच. पण कुलूप गाभाऱ्याला असावे, ओट्याला नसावे. तेथे दोन बाके, पाण्याचा माठ, रात्री एक दिवा आणि जातपात वा स्त्रीपुरुष असा भेद न करता कोणासही बसण्याची मुभा, एवढे केले तरी पुष्कळ. शेजारी येऊन बसलेल्याचे ऐकून घेण्यास ज्ञान लागत नाही, वेळ लागतो.

वॉलब्रुकचे ते चर्चही पुढे १९७८ ते १९८७ या काळात पुन्हा नीट उभारले गेले. त्याच्या घुमटाची कीर्ती मोठी आहे. परंतु जगाने त्याचे नाव लक्षात ठेविले ते दुरुस्तीच्या धुळीत ताटकळणाऱ्यांना दिलेल्या चहासाठी. आपल्या देवालयाचा कळस उंच होवो आणि ओटा सदैव मोकळा राहो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.