उभे पीक आणि पडलेला गव्हर्नर

तंजावर जिल्ह्यात कामानिमित्त जाण्याचा योग मला दोन-तीनदा आला. त्यांपैकी एका दौऱ्यात तंजावरहून कुंभकोणमला पॅसेंजर गाडीने निघालो होतो. पापनाशम सोडल्यावर सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. ‘सुंदर पेरुमाळाचे देऊळ’ हेच गावाचे नाव. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी तेथे बराच वेळ थांबली. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात होता. समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. माझे दूरध्वनीवरील मराठी बोलणे ऐकून ते त्यांच्या जुन्या वळणाच्या तंजावरी मराठीत विचारते झाले, “कोणत्या गावचे तुम्ही?” मग गप्पा निघाल्या. बोलता बोलता त्यांनी खिडकीबाहेर हात केला आणि म्हणाले की, या भातापायी एकदा मद्रासचा गव्हर्नर कैदेत गेला होता.

हे विधान ऐकून हसू येईल, पण ते जवळजवळ अक्षरशः खरे आहे. हा प्रसंग १७७६ सालचा. शासनव्यवहारात आयुष्य घालविलेल्या माणसाने तो एकदा तरी नीट समजून घ्यावा, असे मला वाटते.

राजकीय घोटाळ्याने सत्ताधीश पडल्याचे उदाहरण म्हटले की आपल्याला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आठवतात. व्हिएतनामचे नकोसे झालेले युद्ध, जून १९७२ मधील वॉटरगेटची घरफोडी आणि ९ ऑगस्ट १९७४ ची पदत्यागाची अखेर हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, एका नकोशा युद्धाच्या पाठोपाठ आणि पैशाच्या लफड्यातून, आपल्याच देशातील एक ‘प्रेसिडेन्सी’ कोसळली होती. आपण जिला इलाखा म्हणतो ती प्रेसिडेन्सी. आणि मद्रासच्या गव्हर्नराचे अधिकृत पद ‘प्रेसिडेंट व गव्हर्नर’ असेच होते. या प्रकरणाच्या मध्यभागी मराठ्यांचे राज्य होते, हे मात्र मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या गादीवर १७६३ पासून तुळजाराजे होते. राज्य लहान, पण कावेरीच्या गाळाने समृद्ध. अर्काटचा नबाब महंमद अली याला तंजावर आपले मांडलिक वाटे. १७६२ साली मद्रासचा तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज पिगट याच्या मध्यस्थीने तह झाला. मागील बाकीपोटी बावीस लाख रुपये आणि पुढे दरसाल चार लाख रुपये पेशकश, असे ठरले आणि कंपनी या तहाला जामीन राहिली. परंतु नबाबाची भूक चार लाखांनी भागणारी नव्हती. कारण तो स्वतःच कर्जात बुडालेला होता.

त्याचे धनको होते कंपनीचेच नोकर. मद्रासमधील गोरे अधिकारी आपल्या खाजगी कमाईचा पैसा नबाबाला व्याजाने देत. एके काळी हा दर शेकडा तीसच्याही वर होता. तारण म्हणून नबाब आपल्या मुलखाच्या महसुलावर वराती लिहून देई. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील गाठ स्पष्ट दिसते. नबाबाचा मुलूख जितका वाढेल तितके धनकोंचे तारण वाढणार. म्हणजे ज्यांनी युद्ध करावे की नाही हे ठरवावयाचे, त्यांचेच पैसे युद्धाच्या निकालावर लागलेले.

१७७१ मध्ये तंजावरवर पहिली मोहीम झाली आणि ती तहावर थांबली. १७७३ मध्ये दुसरी निघाली आणि त्या सप्टेंबरात जनरल जोसेफ स्मिथच्या कंपनी फौजेने किल्ला घेतला. तुळजाराजे सहकुटुंब कैदेत पडले आणि कावेरीकाठचा सारा मुलूख नबाबाच्या ताब्यात गेला. ज्या राजाला कंपनीने हमी दिली, त्यालाच कंपनीने बुडविले. लंडनच्या संचालकांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी गव्हर्नर विंच याला दूर केले, १७७५ च्या एप्रिलमध्ये तंजावर राजाला परत देण्याचा हुकूम काढला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी जुन्या पिगटलाच पुन्हा गव्हर्नर म्हणून पाठविले. त्याच सुमारास मुंबई इलाख्याने राघोबादादांसाठी आरंभिलेले युद्धही कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाने अमान्य केले होते आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करविला होता. एकाच काळात दोन इलाखे आपापल्या नकोशा युद्धांचा हिशेब देत होते.

पिगट काही साधुपुरुष नव्हता. पहिल्या कारकीर्दीत त्याने अफाट संपत्ती मिळविली होती. त्याच्या नावाचा हिरा पुढे युरोपभर प्रसिद्ध झाला. तरीही हुकूम पाळावयाचा हे त्याने ठरविले होते. तो स्वतः तंजावरला गेला आणि ११ एप्रिल १७७६ रोजी तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसविले.

येथे पॉल बेनफिल्ड पुढे आला. हा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर. वार्षिक पगार काही शे पौंड. त्याने दावा मांडला की, तंजावरच्या महसुलावर नबाबाने दिलेल्या वरातींपोटी आपले १,६२,००० पौंड येणे आहे आणि तेथील रयतेला पिकावर दिलेल्या कर्जापोटी आणखी ७२,००० पौंड. एवढी रक्कम या पगाराच्या माणसाकडे आली कोठून, हा प्रश्न कोणत्याही लेखापरीक्षकाला पहिल्याच ओळीत पडावा.

मूळ वाद असा होता. नबाबाच्या अमलात पेरलेले पीक राजाच्या अमलात कापावयाचे, तेव्हा त्यातील राजभाग कोणाचा? मेच्या अखेरीस कौन्सिलाने निर्णय दिला की, रयतेवरील दाव्याचा पुरेसा खुलासा झालेला नाही आणि नबाबाच्या वराती ग्राह्य धरता येत नाहीत. जूनच्या मध्यास त्याच कौन्सिलाने फेरविचार केला आणि बहुमताने ठरविले की, नबाबाच्या ताब्याच्या काळात पेरलेले पीक नबाबाचेच होते, सबब त्यावरील वराती योग्य आहेत. मधे जेमतेम पंधरा दिवस. पिगट अल्पमतात गेला. बहुमतातील कित्येकांचा पैसा नबाबाकडे अडकलेला होता, ही गोष्ट मद्रासमध्ये कोणापासून लपलेली नव्हती.

पुढचा झगडा तंजावरी माणूस कोणाचा असावा यावर झाला. पिगटला तेथे रसेल यास रेसिडेंट म्हणून पाठवावयाचे होते. बहुमताला तेथील लष्कर कर्नल स्टुअर्टच्या हाती हवे होते. पिगटने विषय पटलावर घेण्याचेच नाकारले. अध्यक्षाच्या संमतीवाचून कौन्सिल निर्णय घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. अध्यक्ष बहुमताला बांधील आहे, असे इतरांचे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात स्ट्रॅटन व ब्रूक या दोघा सदस्यांनी अध्यक्षाला वगळून काढावयाच्या हुकुमावर सह्या केल्या, तेव्हा पिगटने त्यांच्यावरच आरोप ठेवला. आरोपिताला स्वतःच्या आरोपावर मत देता येत नाही, या नियमाने दोन मते गळाली, मते समसमान झाली आणि पिगटने आपल्या निर्णायक मताने दोघांनाही निलंबित केले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या विरोधकांवर तोच प्रयोग झाला. नियमाचा शब्द पाळला गेला. पण त्याचा आत्मा तेव्हाच निघून गेला होता, हेही कबूल केले पाहिजे.

२४ ऑगस्ट १७७६. कर्नल स्टुअर्ट दिवसभर गव्हर्नराच्या सहवासात होता. न्याहारी आणि जेवणही त्याने पिगटबरोबरच घेतले. संध्याकाळी दोघे एकाच गाडीतून निघाले. वाटेत स्टुअर्टच्याच आज्ञेने शिपायांनी गाडी अडविली आणि गव्हर्नर कैद झाला. स्ट्रॅटन गव्हर्नर बनला. हेस्टिंग्जच्या कलकत्ता सरकारने नव्या मंडळींची बाजू घेतली. लंडनमध्ये भागधारकांनी पिगटला पुन्हा पदावर बसविण्याचा ठराव केला, आणि अखेर त्याला आधी पुनःस्थापित करावे व मग परत बोलवावे, असा चमत्कारिक हुकूम निघाला. तो मद्रासला पोचण्याआधीच ११ मे १७७७ रोजी पिगट कैदेत असतानाच मरण पावला. कटातील चौघांवर लंडनमध्ये खटला चालला. १७८० मध्ये शिक्षा झाली ती प्रत्येकी एक हजार पौंड दंडाची. ज्या दाव्यासाठी सरकार उलथले, त्या रकमेच्या मानाने हा दंड किरकोळ खर्चात जमा व्हावा असा होता.

आणि बेनफिल्ड? तो पुढे ब्रिटिश पार्लमेंटाचा सभासद झाला. १७८४ मध्ये सरकारने नबाबाची कर्जे चौकशीवाचून मान्य केली, तेव्हा २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने आपले गाजलेले भाषण केले. ते ऐकले गेले, पण मानले गेले नाही. कर्नाटकचा कारभार १८०१ मध्ये कंपनीने घेतल्यावर नव्या कर्जांची खरोखर छाननी झाली, तेव्हा सुमारे तीन कोटी पौंडांच्या दाव्यांपैकी दहा टक्केही खरे ठरले नाहीत.

प्रशासनाने यातून धडा घेतला तो वेगळाच. १७८६ च्या कायद्याने गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसला कौन्सिलाचे बहुमत डावलण्याचा अधिकार मिळाला आणि १७९३ च्या सनदी कायद्याने तो पुढील गव्हर्नर-जनरल व इलाख्यांच्या गव्हर्नरांनाही लागू झाला. अध्यक्ष मोठा की बहुमत, हा प्रश्न सुटला. परंतु ज्याचा पैसा गुंतला आहे त्याने मत द्यावे काय, हा मूळ प्रश्न होता; त्याला या कायद्यांनी हात घातला नाही.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका समितीचा सदस्य होतो. एका पुरवठादाराचा व्याजाचा दावा आम्ही एका बैठकीत नामंजूर केला आणि पुढच्या बैठकीत ‘फेरविचारांती’ मंजूर केला. दोन बैठकींच्या दरम्यान फाइलवर एकही नवा कागद आला नव्हता. माझा त्यात पैशाचा संबंध नव्हता. इतर कोणाचा होता काय, हे मी विचारले नाही. मतभेदाची टिप्पणी लिहिण्याचा अधिकार मला होता, पण बहुमत झालेच आहे, एकट्याने वाईटपणा कशाला, म्हणून मी सही केली. पुढे लेखापरीक्षणात त्यावर परिच्छेद आला, खुलासे गेले आणि विषय मिटला. माझ्या मनात तो मिटलेला नाही.

तेव्हापासून कोणतेही इतिवृत्त हाती आले की मी निर्णयाआधी दोन गोष्टी पाहतो. मागच्या बैठकीनंतर नवीन काय आले, आणि सही करणाऱ्यांपैकी कोणाचे काय गुंतले आहे. मद्रासच्या कौन्सिलात हे दोन प्रश्न मोठ्याने विचारले गेले असते, तर कदाचित गाडी अडविण्याची वेळ आली नसती.

असो. सुंदरपेरुमाळ कोयिलला समोरची गाडी निघून गेली आणि आमची हलली. मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “काका, त्या वर्षीचे पीक शेवटी कोणाला मिळाले?” ते म्हणाले, ज्याने पेरले त्याला नाही, एवढे नक्की. राजा, नबाब, बेनफिल्ड, गव्हर्नर या सर्वांची नावे कागदोपत्री आहेत. त्या सालचा भात कापणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही इतिवृत्तात नाही.