‘स्वस्तात मस्त’ घर : काटकसर कोणाची आणि सक्ती कोणावर?

मोबाईल उघडला की हल्ली घर चालवण्याचे धडे सुरू होतात. कमी खर्चात घर कसं सजवावं, शंभर रुपयांत चार माणसांचं जेवण कसं करावं, जुन्या साडीचं काय करावं, मातीचं मडकं कोपऱ्यात कसं ठेवावं. चुलीवरची भाकरी, शेणाने सारवलेली भुई, ठिगळांची वाकळ, हुलग्याचं माडगं. सोबत मंद संगीत आणि एक वाक्य ठरलेलं : ‘आजीच्या काळातलं साधं, सुंदर जगणं.’

मित्रांनो, आमचा स्वस्ताईला विरोध नाही. आमच्या वस्त्यांमध्ये बहुतेक घरं स्वस्ताईवरच चालतात. आमचा प्रश्न एवढाच आहे की ही आजी नेमकी कोणाची? कारण आमच्याही आज्या होत्या. त्यांच्याकडेही मडकं होतं, वाकळ होती, चूल होती. पण ती त्यांची ‘निवड’ होती का?

याचं उत्तर शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. उंब्रजहून मसूरचा रस्ता धरला की दहा किलोमीटरच्या आतबाहेर मसूर रेल्वे स्टेशन लागतं. आज तिथे उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की १९०१ साली याच स्टेशनात नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांबरोबर उतरला होता? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी तो प्रवास लिहिला आहे. पाण्यावाचून काढलेली ती रात्र आपल्या सर्वांना माहीत असते. पण त्या प्रवासाच्या अगोदर, साताऱ्यातल्या घराबद्दल त्यांनी जे लिहिलंय, ते आपण घाईघाईने वाचून पुढे जातो. आम्हाला वाटतं तिथे थांबायला हवं.

आई भीमाबाई १८९६ मध्येच गेलेल्या. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तिथे सरकारने तलावाचं काम काढलं होतं. साताऱ्याच्या घरी मुलं आणि आत्या. आत्या मायेची, पण पायांनी अधू. स्वयंपाक करणं तिला शक्य नव्हतं. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. मग शाळेत जाणारी ही चार पोरंच स्वयंपाक करत. भाकरी-चपाती जमेना, म्हणून पुलाव करत. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की झालं, त्याहून सोपं त्यांना काही सापडलं नाही. एका भांड्यात होणारं, कमी कष्टाचं जेवण! आजच्या व्हिडिओवाल्यांनी याला काय झकास नाव दिलं असतं.

त्याच आठवणींत आणखी एक तपशील आहे. घरच्यांचे केस थोरली बहीण कापायची, कारण कोणी न्हावी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावत नव्हता. कपडे धुवायला परीट मिळत नव्हता. बाबासाहेब स्पष्ट लिहितात की पैसे नव्हते म्हणून असं नव्हे. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, हाताला सरकारी काम. पैसे द्यायची तयारी होती, घ्यायची कोणाची नव्हती. म्हणजे ‘सगळं घरच्या घरी’ हा प्रकार त्या घरात काटकसरीतून आला नव्हता. तो जातीने लादला होता.

आणि मसूरला काय झालं? नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट घालून ही मुलं उतरली. त्या कपड्यांकडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याची आपुलकी संपली. पुढे गाडीवानाने दुप्पट भाडं घेतलं आणि गाडी मुलांनाच हाकायला लावली. सोबत भरपूर जेवण होतं. पण पाणी नव्हतं, म्हणून डबा जवळ असूनही मुलं उपाशी झोपली. घरगुती जेवणाचं कौतुक करणाऱ्यांनी हा डबा विसरू नये.

हे एकट्या सातारा जिल्ह्याचं नव्हतं. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात बाबासाहेबांनी अत्याचारांची जी उदाहरणं दिली, ती एकदा घरगुती वस्तूंच्या नजरेने वाचून पाहा. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाला सवर्णांनी हुकूम काढले : पुरुषांनी जरीकाठी पागोटं आणि रंगीत काठाचं धोतर वापरायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रा करून आलेल्या अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिलं आणि पानात तूप वाढलं. त्या तुपासाठी लाठ्या घेऊन माणसं आली, पंगत उधळली.

काठ, भांडं, तूप. स्वयंपाकघर आणि कपड्यांची पेटी, दोनच ठिकाणच्या या वस्तू. गरिबांकडे त्या नसतात हे समजू शकतं. पण इथे ज्यांच्याकडे विकत घ्यायची ऐपत होती, त्यांनाही त्या वापरू दिल्या नाहीत. स्वस्तात राहणं हा हुकूम होता. मडकं सुंदर असतं हो, पण ज्यांना मडक्याशिवाय दुसरं काही डोक्यावर घ्यायला बंदी होती, त्यांना ते सुंदर दिसेल का?

आपल्याच जिल्ह्याची साक्ष हवी असेल तर फलटणच्या बेबीताई कांबळे आहेत. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आलं, १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. महार बाईने लुगड्याचे काठ दिसणार नाहीत असं नेसायचं, निऱ्यांत काठ दडवायचे, ही रीत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. विचार करा, लुगडं विकत घेतलंय, त्याला काठ आहे, त्याचे पैसे मोजलेत, आणि तो लपवायचा! दुष्काळात निवडुंगाची बोंडं खाऊन दिवस काढल्याचंही त्या लिहितात. त्याच बेबीताईंनी पुढे नवऱ्याबरोबर फलटणला दुकान चालवलं आणि गल्ल्यावर बसून, घरच्यांपासून लपवून हे पुस्तक लिहिलं. आज ‘हिरव्या रानभाज्यांचा महोत्सव’ भरवणाऱ्यांनी त्या पुस्तकातलं भुकेचं प्रकरण वाचून मग घोळ-पाथरीचे गुण सांगावेत.

आता महाडकडे येऊ. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७ चं. त्या डिसेंबरच्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत अस्पृश्य म्हणून ओळख पटवते, ती सोडा. गळ्यातले, हातातले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ ठेवा. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. मुलींना शाळेत घाला. ऐकून बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. या चळवळीतल्या स्त्रियांचं काम समजून घ्यायचं असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी असलं पाहिजे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे असं शिकवलं गेलं की खालच्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, याला एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ म्हटलं. मग महाडचं लुगडं म्हणजे संस्कृतीकरणच नाही का, असं विचारणारे आजही भेटतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. संस्कृतीकरणात शिडी शाबूत राहते, माणूस फक्त एक पायरी वर सरकायला बघतो. महाडला शिडीचा कायदाच आधी जाळला गेला, आणि मग नेसण बदललं. ‘आम्हाला तुमच्यासारखं व्हायचंय’ असा त्याचा अर्थ नव्हता. ‘आम्हाला कपड्यावरून ओळखण्याचा तुमचा अधिकार संपला’ असा होता. नक्कल आणि नकार यातला फरक कळला नाही तर पदवी कशाला घेतली?

मांसाबद्दलही हाच गोंधळ घातला जातो. बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं, कारण ते महारकीच्या गुलामीशी जोडलेलं होतं : गावाचं मेलेलं ढोर ओढायचं आणि मोबदला म्हणून तेच खायचं. विकत आणलेल्या ताज्या मांसाशी त्याचा संबंध नाही. पण आज शाकाहाराचे प्रचारक मोठ्या चतुराईने दोन्ही एकत्र करतात. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्यामुळे गरिबाच्या ताटातली सर्वांत स्वस्त प्रथिनं गेली, यावर ‘स्वस्त आणि पौष्टिक’वाल्यांपैकी कोणी बोललेलं आम्ही ऐकलं नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून महार-मांगांचं ताट मराठीत मांडलं, त्यात चान्या आहेत, रक्ती आहे, वजडी आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीही हाच प्रश्न घेतला होता : भारतीय ताट म्हणून जे दाखवलं जातं, त्यात आमचं ताट का नाही?

त्याच वेळी दुसरी गंमत पाहा. अख्खा मसूर हे सांगली-कऱ्हाडकडच्या साध्या घरातलं कालवण. तेच आता हायवेवरच्या ढाब्यांवर मोठ्या पाट्या लावून विकलं जातं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा ज्वारी-बाजरीला एकदम प्रतिष्ठा आली. भाकरी खाणाऱ्याला मात्र त्यातून काही मिळालं नाही, भाकरी फक्त महाग झाली.

१९५६ नंतर आमच्या घरांत जे झालं, त्याला गृहसजावट म्हणायला कोणी तयार होणार नाही. आम्ही म्हणतो. १४ ऑक्टोबरला नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि गावोगावचे देव्हारे रिकामे झाले. रिकाम्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली, शेजारी बाबासाहेबांची, कालांतराने माता रमाईची. मेणबत्ती, अगरबत्ती, परड्यातली चार फुलं. त्रिशरण-पंचशील घरातलं कोणीही म्हणू शकतं, शाळकरी पोरगीसुद्धा. श्राद्ध बंद, पिंडदान बंद, ब्राह्मणाकडून विधी बंद. याचा हिशेब पैशात मांडून पाहा. भट, दक्षिणा, नवस, कोंबडं, जत्रेचं कर्ज हा सगळा खर्च एका प्रतिज्ञेने कापला. कुठल्याही ‘बजेट टिप’ने गरिबाच्या घरचा एवढा खर्च वाचवलेला नाही, आणि इथे तर माणसाची मानही ताठ झाली.

उंब्रज-मसूर पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांत कामानिमित्त फिरताना आम्हाला दोन गोष्टी जवळपास प्रत्येक घरात दिसतात. एक, निळीचा हात दिलेली भिंत. दुसरी, मांडणी. लोखंडी मांडणीवर ओळीने लावलेली, राख लावून घासलेली स्टीलची-पितळेची भांडी, चढत्या क्रमाने डबे, वर उलटे ठेवलेले पेले. शहरातून आलेले शिकलेले लोक याला ‘भडक’ म्हणतात. त्यांना मातीचं मडकं हवं असतं, पांढरी भिंत हवी असते. त्यांना सांगा, झनूच्या बायकांनी याच भांड्यांसाठी मार खाल्ला होता. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी फुटक्या मडक्याशिवाय काही नव्हतं, त्या घरातली बाई भांडं माळ्यावर लपवून ठेवणार नाही. ती ते दारातून दिसेल असंच लावणार. अभिरुची ही काही आकाशातून पडत नाही, ती कोणाला काय वापरायला मुभा होती यावरून ठरते.

मग सगळं छान आहे का? नाही. एक गोष्ट आपसात बोललीच पाहिजे. देव्हारा गेला, पण त्या जागी हळूहळू दुसरा खर्च शिरला. घरभरणीला मंडप, हळदीला डीजे, लग्नात आहेर-मानपान, छताला पीओपी. बचत गटाच्या नावाखाली आठवड्याच्या हप्त्याने घेतलेलं कर्ज, आणि ते फेडायला बाईच दारोदार कामाला. कोणी हप्त्याने फ्रीज घेतला तर आम्ही नाक मुरडणार नाही, उन्हाळ्यात पोरांना गार पाणी मिळण्यात पाप नाही. पण जयंतीच्या एका रात्रीच्या आवाजासाठी वस्तीने काढलेल्या वर्गणीत वाचनालयाचं वर्षभराचं भाडं निघतं, हे कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारून पाहावं.

आणि ‘स्वस्त’ या शब्दात ज्याचा हिशेब कोणीच धरत नाही, ते बाईचे श्रम. वाकळ स्वस्त का? कारण ती शिवणाऱ्या हातांना मजुरी नाही. चुलीवरची भाकरी स्वस्त का? कारण सरपण आणणारीची पाठ कोणी मोजत नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. हे भाषण आपण स्टेटसला ठेवतो आणि जेवायला ताटाची वाट बघत बसतो. अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या किती पोरांना साधी आमटी करता येते? साताऱ्याच्या त्या घरात शाळकरी मुलगे स्वयंपाक करून शाळेत जात होते, आणि त्यांच्यातला एक पुढे लंडनच्या थंडीत पापड आणि बोव्हरिलवर रात्रीची भूक भागवून ग्रंथालयातल्या टाचणांवर बसत होता. चुलीपाशी बसल्याने अभ्यास बुडतो, ही सबब बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत घरोघरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. आज एका घरी, उद्या दुसऱ्या. चटई अंथरायची, चहा करायचा, शेवटी खिरीची वाटी. करमणूक, शिक्षण आणि शेजार, सगळं एकाच संध्याकाळी, तेही जवळजवळ फुकट. यंदा आम्ही त्याला एक जोड देत आहोत. वाचन संपल्यावर त्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी अर्धा तास बोलायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. घरात पहिलं धातूचं भांडं कधी आलं, कोणी आणलं? काठाचं लुगडं उघड कधी नेसलं? दुष्काळात काय शिजवलं? देव्हाऱ्यातले देव कोणी उचलले, आणि तेव्हा सासू काय म्हणाली? प्रश्न विचारणाऱ्याने चहाचे कप स्वतः विसळायचे, एवढीच अट. ज्यांना यायचं असेल त्यांनी वही-पेन घेऊन यावं.