मूत्रपिंडातील एक विषाणू आणि मानवी स्थलांतराचा पुरावा

ज्या काळाचे लेख उपलब्ध नाहीत त्या काळातील स्थलांतरांचा मागोवा घेताना इतिहासकार भाषा, मृद्भांडी, अस्थी व अवजारे यांचा आधार घेत आला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या साधनांत एका अनपेक्षित साधनाची भर पडली. ते साधन म्हणजे मनुष्याच्या मूत्रपिंडात जन्मभर वास करणारा ‘जेसी’ विषाणू होय. या साधनाचा अल्प इतिहास पुरावा-परीक्षणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

1971 मध्ये पॅजेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एका रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू प्रथम वेगळा केला. त्याचे नाव त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून पडले. शरीराची प्रतिकारशक्ती खालावली असता तो मेंदूचा घातक विकार उत्पन्न करतो. परंतु बहुसंख्य लोकांत तो बालपणी शिरून मूत्रपिंडात निरुपद्रवीपणे राहतो आणि प्रौढांच्या मूत्रावाटे बाहेर पडतो. त्यामुळे रक्त न काढता, केवळ मूत्राच्या नमुन्यावरून, त्याची आनुवंशिक रचना तपासता येते. सुमारे 5,100 घटकांची ही वर्तुळाकार रचना लहान असल्याने तिची तुलनाही सुकर ठरते.

अशा तुलनेतून विषाणूचे उपप्रकार भूप्रदेशानुसार विभागलेले असल्याचे दिसून आले. प्रकार 1 व 4 मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत, 3 व 6 आफ्रिकेत, 2 व 7 आशियात आणि 8 पापुआ न्यू गिनी व नजीकच्या पॅसिफिक बेटांवर आढळतो. 1997 मध्ये अगोस्टिनी, यानागिहारा व स्टोनर यांनी उत्तर अमेरिकेतील नावाहो आदी मूलनिवासी व ग्वाम बेटावरील चामोरो लोक यांच्यात आशियाई उपप्रकार असल्याचे दाखविले. त्याच वर्षी जपानमधील योगो यांच्या गटाने मूत्रातील विषाणूवरून स्थलांतराचा माग काढण्याची पद्धती मांडली. अमेरिकेचे आद्य रहिवासी ईशान्य आशियातून आले, या अन्य साधनांनी स्थिर झालेल्या मताशी हे निष्कर्ष जुळत होते.

या पद्धतीचा पाया एका गृहीतावर होता. विषाणू मुख्यत्वे कुटुंबातच पिढ्यान्पिढ्या संक्रांत होतो, म्हणून त्याची वंशावळ ही मनुष्याच्या वंशावळीची प्रतिकृतीच होय, असे ते गृहीत. त्यास काही आधार अवश्य होता. पालकांकडून अपत्यास होणारे संक्रमण जपानमधील कुटुंबांत नोंदले गेले होते. तथापि त्याच पाहणीत काही मुलांचा विषाणू पालकांच्या विषाणूहून भिन्न निघाला. म्हणजेच घराबाहेरचा मार्गही खुला होता.

अधिक गंभीर आक्षेप कालगणनेविषयी होता. विषाणूत बदल किती वेगाने होतात हे ठरविताना मानवी समूह परस्परांपासून केव्हा विभक्त झाले याच्या ज्ञात तारखा वापरल्या जात, आणि त्या वेगावर उभारलेल्या वंशावळीने पुन्हा त्याच तारखांना दुजोरा दिल्यासारखे भासे. तर्कशास्त्रात यास अन्योन्याश्रय-दोष म्हणतात. 2001 मध्ये वुडिंग यांनी विषाणू व मानव यांच्या लोकसंख्येचा इतिहास समांतर आहे काय, याची छाननी केली. पुढे 2006 मध्ये शॅकल्टन व सहकाऱ्यांनी नमुने गोळा केल्याच्या वर्षांवरून, म्हणजे मानवी इतिहासाचा आधार न घेता, बदलाचा वेग काढला. तो पूर्वीच्या अंदाजाहून अनेक पटींनी अधिक निघाला आणि दोन्ही वंशावळी एकत्र विभागल्या गेल्या या मतास पुष्टी मिळाली नाही.

यावरून उपप्रकारांची भौगोलिक विभागणी खोटी ठरते असे नव्हे. ती विभागणी हे निरीक्षण आहे. तिला सहस्रावधी वर्षांचे वय देणे हे अनुमान आहे. एखाद्या प्रदेशात विशिष्ट उपप्रकार आढळला, तर तेथील लोकांचा अन्य प्रदेशाशी केव्हातरी संबंध आला एवढेच त्यावरून निश्चयाने म्हणता येते. तो संबंध प्राचीन स्थलांतराचा की नंतरच्या संपर्काचा, हे विषाणू एकटा सांगू शकत नाही.

ताम्रपटाचा काळ ठरविताना राजवंशाची ज्ञात वंशावळ वापरावयाची आणि मग त्याच ताम्रपटाने ती वंशावळ सिद्ध झाली असे म्हणावयाचे, ही चूक इतिहासाचा विद्यार्थी सहसा करीत नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या पुराव्यासही हीच कसोटी लावली पाहिजे. दोन साधनांची साक्ष जुळते एवढ्याने भागत नाही. ती साक्ष परस्परांपासून स्वतंत्र आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.