सूक्ष्म जलविद्युत प्रकल्पासाठी जागा कशी पाहावी?

भारतात 25 मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प लघु जलविद्युत गटात मोडतात. त्यांतील 100 किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पांना सूक्ष्म म्हणतात. डोंगरातील वाड्या-वस्त्यांच्या उपयोगाचे हेच. यांना मोठे धरण लागत नाही. ओढ्याचे काही पाणी पाटाने वळवून नळीतून टर्बाइनवर सोडतात. ते खाली पुन्हा ओढ्यात मिसळते.

पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, हे आधी पाहा. लहान ओढ्याला तात्पुरता बांध घालून सगळे पाणी नळीने 200 लिटरच्या पिंपात सोडा. पिंप 10 सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदाला 20 लिटर. उंची मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. टप्प्याटप्प्याने उतरत मापांची बेरीज करा. लिटर, मीटर आणि 5 यांचा गुणाकार म्हणजे अंदाजे वॉट. 20 लिटर व 30 मीटर असतील, तर 3,000 वॉट. तीस घरांना प्रत्येकी 100 वॉट मिळतील: दिवे, पंखा, मोबाइल चालेल, विजेची शेगडी चालणार नाही.

ही मोजणी पावसाळ्यात करून भागत नाही. सह्याद्रीतले कितीतरी ओढे उन्हाळ्यापर्यंत आटतात. हिमालयात बर्फाच्या पाण्यावरचे ओढे थंडीत सर्वांत कमी वाहतात, झऱ्यांवरचे मे-जूनमध्ये. सर्वांत कमी पाण्याच्या दिवसांतले मापच धरा आणि ओढा कधी आटला होता का, हे गावातील जुन्या माणसांना विचारा.

उत्तराखंड, हिमाचलमध्ये जिथे जुना घराट (पाणचक्की) आहे, तिथे उतार व पाणी आयतेच सापडते. दिवसा दळण, रात्री वीज असेही करता येते. मात्र घराटमालकाची संमती घ्या. पाणी वळवल्यावर मधल्या पट्ट्यातील शेते कोरडी पडू शकतात, म्हणून पाण्याच्या पाळ्या ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. तोंडी कबुली उन्हाळ्यात टिकत नाही.

जागा वनजमिनीत येत असल्यास वन हक्क कायदा, 2006 चे कलम 3(2) पाहा. त्यातील सुविधांत अपारंपरिक ऊर्जेचा समावेश आहे. जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी 75 झाडांपर्यंत आणि ग्रामसभेची शिफारस, या त्याच्या अटी आहेत.

मोजमापे व ठराव घेऊन राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेकडे जा. उत्तराखंडात उरेडा, हिमाचलमध्ये हिमऊर्जा. अनुदानाचे नियम बदलत असतात, त्यामुळे लेखी मंजुरीपूर्वी यंत्राची आगाऊ रक्कम कुणालाही देऊ नका.