घाबऱ्या जिवाची नोंद

छातीत धडधड, घशात अडकलेला आवंढा, हातापायांना कापरे. घरात कुणाला असे होऊ लागले की आपण दोनच निदाने करतो. एकतर 'बाहेरचं' काही झालं, नाहीतर ईमान कमजोर पडलं. परंपरेच्या नावाने आपण हे बोलतो, पण परंपरेतले जाणते काय लिहून गेले ते वाचत नाही.

अबू झैद अल-बल्खी (निधन इ. स. 934) यांच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथाचे दोन भाग आहेत, एक शरीराच्या आरोग्याचा, दुसरा मनाच्या. भीती, राग, दुःख आणि पाठ न सोडणारे विचार यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला. शरीर आणि मन एकमेकांत गुंतलेले आहेत, एकाचे दुखणे दुसऱ्यात उतरते, असे ते सांगतात. अडीअडचणीसाठी घरात औषध ठेवतो, तसे मन शांत असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला.

इमाम गझाली तर स्वतःवरच लिहितात. 1091 मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशात शिकवू लागले. हिजरी 488 च्या रजबमध्ये, म्हणजे 1095 साली, त्यांची जीभच अडली. शिकवताना शब्द फुटेना, अन्नपाणी गळ्याखाली उतरेना. दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, असे सांगून हकिमांनी हात टेकले. पुढे 'अल-मुन्किझ मिनद्दलाल'मध्ये त्यांनी महिना, मुदत आणि लक्षणे सारे लिहिले. त्याला आजच्या रोगाचे नाव चिकटवण्याचे कारण नाही. मात्र 'हुज्जतुल इस्लाम' म्हणवणाऱ्यांना हे सांगताना लाज वाटली नाही, एवढे आपण लक्षात घ्यावे.

1871 मध्ये डॉ. दा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडीच्या तक्रारी नोंदवल्या. 'पॅनिक डिसऑर्डर' हे नाव अमेरिकेच्या मनोविकार-सूचीत 1980 मध्ये आले. नोंदी आधी झाल्या, नाव मागाहून मिळाले.

म्हणून आम्हाला वाटते, पहिल्यांदा डॉक्टरांकडून हृदय व थायरॉइड तपासून घ्यावे. मग साधी वही करावी. तारीख, वेळ, आधी काय झाले, किती मिनिटे टिकले, त्या दिवशी झोप व चहा किती. ती वही मनोविकारतज्ज्ञाला दाखवावी. दुआ जरूर मागावी. वहीने दुआ अडत नाही. पण आपल्या सुनेचे, मुलाचे दुखणे 'नाटक' म्हणून झटकण्यापूर्वी गझालींचे ते सहा महिने आठवावेत.