ध्वनिपरिवर्तन व भाषागट

ध्वनिपरिवर्तन व भाषागट : भाषेतला एखादा ध्वनी ठरावीक जागी, जवळजवळ प्रत्येक शब्दात, एकाच रीतीने बदलतो. असा बदल दोन भाषांत सामाईक असेल, तर त्या कधीकाळी एकत्र नांदल्या असे मानायला आधार मिळतो. इंडो-युरोपीय कुळाची वाटणी मोठ्या प्रमाणात याच तत्त्वावर झाली. शब्द उसना घेता येतो, म्हणून नुसत्या सारख्या शब्दांना इथे फारसे वजन नाही.

याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये जर्मानिक गटाची खूण नियम म्हणून मांडली : मूळ इंडो-युरोपीय प, त, क यांच्या जागी या गटात फ, थ, ह आले. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, पण इंग्रजी फादर. संस्कृत त्रि, इंग्रजी थ्री. दुसरी प्रसिद्ध वाटणी ‘शंभर’वरून ओळखली जाते. मूळचा तालव्य क लॅटिन ‘केंतुम’ आणि ग्रीक ‘हेकातोन’ यांत क-च राहिला. संस्कृत ‘शतम्’, प्राचीन इराणी भाषा अवेस्ती हिच्यात ‘सतम्’, लिथुआनियन ‘शिम्तस’ यांत त्याचा श किंवा स झाला. पेटर फोन ब्राड्के यांनी 1890 मध्ये या दोन बाजूंना केंतुम आणि सतम् ही नावे दिली. पश्चिमेला क, पूर्वेला श, अशी सोयीची रेघ नकाशावर पडली, पण फार टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातल्या तारीम खोऱ्यात सापडलेल्या हस्तलिखितांतून तोखारी भाषा उलगडली. इतक्या पूर्वेची ही भाषा शंभराला ‘कान्ते’ म्हणते! तेव्हापासून केंतुम हा एक गट मानणे मागे पडले. वाडवडिलांचे भांडे कोणत्याही घरात जपलेले असू शकते. जुना ध्वनी टिकवण्याने नाते सिद्ध होत नाही. एकत्र केलेला नवा बदल हवा.

इराणी शाखेने असा बदल केला : स्वरापूर्वीच्या स चा ह. संस्कृत सप्त–अवेस्ती हप्त, सोम–हओम, असुर–अहुर, सिंधु–हिंदु. कर्जाचा हप्ता हा फारसीतून आलेला, मराठी ‘सात’चा सख्खा चुलतभाऊ. मराठीतही ‘दश’चे ‘दहा’ झाले, मग मराठी इराणी का नाही? कारण ‘सात’चा ‘हात’ झाला नाही. मराठीत हा बदल मोजक्या शब्दांपुरता आहे. ‘दोनशे’तला श देखील फसवा : तो संस्कृत ‘शत’मधून सरळ आलेला नाही. प्राकृतात त्याचा स झाला होता. मराठीने इ-एपूर्वीच्या स चा पुन्हा श केला.

नियमित बदलाची हीच कसोटी मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून वरळी, वेसाव्यापर्यंत ऐकू येणाऱ्या कोळी बोलीला लावता येते. तिच्यात ळ चा ल, ण चा न आणि दोन स्वरांमधल्या ड चा र होतो : मासळी–मासली, पाणी–पानी, होडी–होरी. ‘कोलीवारा’ या एका शब्दात दोन बदल भेटतात. नियम किती काटेकोर आहे हे डोल जाळे लावणाऱ्या डोलकराच्या नावावरून दिसते. शब्दाच्या आरंभीचा ड हलत नाही. म्हणून होडीची होरी होते, पण डोलकर डोलकरच राहतो. शहरातले लोक याला ‘अशुद्ध उच्चार’ म्हणतात. शिस्त मोजायची तर तक्रारीला जागा नाही.

आता ‘पानी’ हिंदीतही आहे, आणि ड चा र पूर्व बंगालच्या बोलींतही झाला आहे. पण तेवढ्यावरून कोळी बोली हिंदीच्या किंवा बंगालीच्या गटात जात नाही. ण, ळ यांसारखे मूर्धन्य ध्वनी सुटणे ही सोपी घटना आहे. ती अनेक ठिकाणी आपापली घडते. कोळी बोलीतला षष्ठीचा -चा, -ची हा प्रत्यय मराठीचा आहे. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) स्टेन कोनोव यांनी तिला मराठीखालीच, कोकणातल्या बोलींमध्ये, जागा दिली. शेजारच्या आगरी बोलीशी मात्र तिचे तिन्ही बदल एकदम जुळतात, शब्दांची रूपेही बरीचशी जुळतात. तिथे जवळचे नाते मानायला हरकत नाही.